ठसका, पाहुणचार, सोयरा

काल तुझं तेरावं झालं, दिनू. जेवून उठणाऱ्यांतल्या निम्म्यांनी मला एकच विचारलं, की ताई, त्या हत्यारांचं आता काय करणार? मी म्हटलं, पोलिसांत नेऊन देते. त्यावर सगळे हसले, आणि तेराव्याच्या पंगतीत असं हसू नये हे ध्यानात आल्यावर एकदम पानाकडे बघायला लागले. तू असतास तर हात धुवायच्या आधी सगळ्यांना खाली मागच्या मोकळ्या जागेत नेऊन एखादं फेकून दाखवलं असतंस. आणि मी वरून गॅलरीतून ओरडले असते, की माणसांना सुपारी तरी खाऊ दे.

विजू इथेच आहे. परवा परत जाणार. तुमच्या बापलेकाचं दोन वर्षं बोलणं नव्हतं हे भांडुपमध्ये कुणाला ठाऊक नाही? त्यामुळे माणसं त्याच्याशी जपून बोलतात, आणि तो त्यांच्याहून जपून बोलतो. तू शेवटी त्याच्याबद्दल माझ्याजवळ जे बोललास ते त्याला अजून माहीत नाही. मला सांगायचंय. पण अर्धं सांगू की पूर्ण सांगू यावर माझं अडलंय. बाकी सगळ्या बाबतीत तोंडाचा पट्टा चालवणारी तुझी बहीण इथे येऊन मुकी झाली. म्हणून म्हटलं, आधी तुझ्याशीच बोलून घ्यावं.

एकाहत्तरचं युद्ध आठव. खिडक्यांना काळे कागद, आणि तू आपल्या गल्लीचा वॉर्डन. एक शिटी आणि एक टोपी मिळाली आणि तू असा चालायला लागलास की जसं काही सगळं सैन्य तुझ्या मागून येतंय. तेवढ्यात कुणीतरी उठवलं, की शत्रूचे छत्रीवाले सैनिक कांजूरच्या मिठागरात उतरणार आहेत. बाकीच्यांनी काठ्या काढल्या, कुणी कोयते परजले. तू मात्र घरी येऊन करवंट्या मोजायला बसलास. दोन करवंट्या एकमेकींवर बसवायच्या, कणकेने सांधायच्या, आत राख आणि तिखट. फेकली की फुटली पाहिजे, आणि शत्रू डोळे चोळत बसला पाहिजे. नाव काय, तर ‘ठसका’.

आता साधं तिखट घेतलं असतंस तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण तू मालवणच्या आईचा मुलगा. तुझ्या लेखी तिखट म्हणजे मसाला. आईने मे महिन्यात कुटून ठेवलेली वर्षाची बरणी तू निम्मी केलीस. धणे, बडीशेप, दगडफूल, सगळं गेलं शत्रूच्या नावाने. मग अंधार पडता पडता गच्चीवरून चाचणी घेतलीस, आणि खाडीकडचा वारा फिरला. अख्खी बिल्डिंग खोकायला लागली. कुठे आग लागली की काय म्हणून माणसांनी भराभर दिवे लावले. सगळ्या भांडुपात मिट्ट काळोख, आणि एकटी आपली बिल्डिंग दिवाळीसारखी उजळलेली. ज्याने दिवे विझवायला लावायचे त्या वॉर्डनची बिल्डिंग! खालून मुख्य वॉर्डन शिट्ट्या फुंकतोय, तू गच्चीवर नाकातोंडातून पाणी गाळत ‘लाइट बंद करा’ म्हणून ओरडतोयस, आणि आई दारात उभी राहून विचारतेय, “माझो मसालो खंय गेलो?” दुसऱ्या दिवशी तुझी टोपी काढून घेतली. शिटी मात्र तू दिली नाहीस.

युद्ध संपलं. बाकीच्यांनी खिडक्यांवरचे कागद खरवडून काढले आणि कामाला लागले. तुझं संपलं नाही. कंपनीत दिवसभर लाकडाचे साचे करायचास, आणि घरी आल्यावर पुढच्या युद्धाची तयारी. रद्दीवाल्याकडून जुनी मासिकं आणायचास आणि मी मशीनवर युनिफॉर्म शिवत असताना शेजारी बसून मला वाचून दाखवायचास. दुसऱ्या महायुद्धात साहेबाने म्हणे चिकट बाँब केला होता. रणगाड्याला चिकटायचा, पण कधी कधी टाकणाऱ्याच्याच पँटला चिकटायचा. अमेरिकेने आपल्या पोरांच्या खेळातल्या चेंडूच्या मापाचा हातबाँब केला, कारण तिकडची पोरं तो चेंडू फेकतच मोठी होतात. तो म्हणे चाचणीतच आपल्याच माणसांच्या जिवावर उठला, म्हणून गुंडाळून ठेवला. हे सांगताना तुझा आवाज खाली यायचा. मी म्हणायचे, शिलाई चुकतेय रे, गप्प बस. तू काही गप्प बसायचा नाहीस.

त्यातून तुझं ते तत्त्वज्ञान निघालं. हात लहानपणी जे फेकायला शिकतो तेच तो मोठेपणी घाबरलेला असतानासुद्धा नीट फेकू शकतो. म्हणून परक्यांची नक्कल करून उपयोग नाही. आपल्या हाताला काय येतं ते बघायला पाहिजे. आपल्या हाताला लगोरी येते, विटी येते, गोफण येते. आणि आपल्या घराच्या हाताला काय येतं? पाग. बाबा गिरणीतून सुटीवर गावी गेले की खाडीत उभे राहून पाग टाकायचे, आणि जाळं पाण्यावर ताटासारखं गोल उघडायचं. तुला त्यांनी शिकवलं. मला शिकवलं नाही, मुलगी म्हणून. तो राग माझा अजून आहे, त्यांना भेटलास तर सांग.

तर त्या पागातून निघाला ‘पाहुणचार’. ब्याऐंशी की त्र्याऐंशी सालची गोष्ट. विजूची आई, तुझी शोभा, जाऊन वर्ष झालं होतं, विजू शाळेत, घर माझ्या अंगावर. तू पुन्हा काहीतरी करायला घेतलंस म्हणून खरं तर मला बरंच वाटलं होतं, पण तोंडावर मी शिव्याच दिल्या. जाड सुताचं जाळं विणलंस, कडेला शिशाच्या गोळ्या मी ओवून शिवल्या. बोटांची चाळण झाली माझ्या. मग शत्रू कोण होणार हा प्रश्न आला. तळमजल्यावरच्या कांबळेमास्तरांना विचारलंस, तर ते म्हणाले, मी पंच होतो, शत्रू होणार नाही. बिल्डिंगमधल्या कुणाचीच हिंमत होईना. शेवटी शत्रू झाले मी. पन्नाशी उलटलेली बाई, पदर खोचून, मिठागराकडच्या मोकळ्या जागेत उभी. त्यात मास्तरांनी नियम काढला, की छत्रीवाला सैनिक ओळखू आला पाहिजे. म्हणून माझ्या हातात बाबांची जुनी काळी छत्री, उघडून.

तू जाळं भिजवून आणलंस, कारण कोरडा पाग उघडत नाही. ते बरोबर. कडेचा एक भाग दातात धरलास, कारण पाग तसाच टाकतात. तेही बरोबर. पण टाकायच्या आधी मला ओरडून इशारा द्यायचं ठरलं होतं, आणि तोंडात जाळं असताना कोण कसा ओरडेल? नुसता ‘हुं हुं’ आवाज आला. मी वळून बघेपर्यंत जाळं अंगावर. म्हणजे अंगावर नाही, छत्रीवर. छत्रीच्या चहूबाजूंनी ते मच्छरदाणीसारखं खाली आलं आणि मी आत कोरडीच्या कोरडी. बाहेर पोरं टाळ्या वाजवायला लागली. माझं डोकं असं फिरलं, की मी तशीच, छत्री धरून, जाळ्यासकट घराकडे चालायला लागले.

आणि तू माझ्या मागून! पागाची दोरी तुझ्या मनगटाला बांधलेली. पाग टाकणारा प्रत्येक जण बांधतो तशी, विचारसुद्धा न करता बांधलेली. भिजून गाठ अशी आवळली की सुटेना. सगळ्या रस्त्याने मी पुढे आणि तू खेचला जातोयस मागे, ‘ताई थांब, ताई हात उपटतोय’ करत. मास्तरांनी तिथल्या तिथे निकाल दिला, की शत्रूने सैन्य कैद केलं. मी जिना चढून दारात आल्यावरच थांबले.

त्या दिवशी चहा पिताना मी तुला विचारलं, की अरे गाढवा, दोरी हातालाच बांधून ठेवायची तर फेकायचं कशाला? फेकायची वस्तू हातातून सुटायला नको? तू मनगटावर तेल चोळत होतास. म्हणालास, सुटली की मग ती आपली राहत नाही ताई. कुठे पडली, कुणाला लागली, त्याचं काय झालं, काही कळत नाही. मला कळायला पाहिजे. मी म्हटलं, मग तू युद्ध करू नकोस, पोस्टात नोकरी कर. तू हसलास. पण दोरी काढायला तयार झाला नाहीस.

‘सोयरा’ मात्र पार फसला. फणसाच्या चिकाचा गोळा! कापडात भुसा भरून मी शिवलेला, वरून चीक फासलेला. एकदा चिकटला की सासुरवाडीच्या माणसासारखा सुटायचा नाही, म्हणून हे नाव. हाताला खोबरेल लावलं तर हातातून निसटून पायावर पडायचा, न लावलं तर हातालाच राहायचा. त्यातून कांबळ्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते, त्यांना नमस्कार करायला तू गोळा चिकटलेला हात घेऊन गेलास. मुलाच्या आईने विचारलं, हाताला काय झालंय? तू सांगितलंस, सोयरा आहे. लग्न जमलं हे त्या मुलीचं नशीब. त्या मे महिन्यात मी तुझा हात रॉकेलने पुसत बसले होते आणि आपण दोघं हसून हसून खाली बसलो होतो. शोभा गेल्यानंतर तुला तसं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. मी त्या फणसाला मनातून हात जोडले, खरं सांगते.

मी तुला किती वेळा म्हटलं असेल, की तुझ्या एकाही हत्याराने कुणाला खरचटत नाही. खोकला येतो, जाळ्यात सापडतो, चिकटतो. याला हत्यार म्हणतात? यावर तुझं ठरलेलं उत्तर. शत्रू अडला पाहिजे ताई, मेला नाही पाहिजे. त्यालाही कुणीतरी वाट बघणारं असणार. मी म्हणायचे, मग तो तुला सोडेल का? तू म्हणायचास, त्याचं तो बघेल. असलं उत्तर ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. वीस मिनिटं भांडायचे मी, आणि तू आपला सुतळी वळत बसायचास.

विजूला लगोरी तूच शिकवलीस. खांदा सैल, कोपर वर, नजर निशाण्यावर आणि पाय जमिनीवर. गल्लीत त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता. तो शाळेच्या मैदानातून चेंडू फेकायचा तर पलीकडच्या गटारापल्याड जायचा. तू गॅलरीतून बघायचास आणि मला हाक मारायचास, ताई बघ बघ. मी कणीक भिजवलेल्या हातांनी यायचे तोवर चेंडू पडलेला असायचा.

आणि मग तो भरतीला जाऊन आला. घरी न सांगता. त्या दिवशी बांगड्याचं तिखलं होतं. तुम्ही दोघं समोरासमोर जेवायला बसलेले, मी वाढतेय. त्याने भाताची मूद मोडता मोडता सांगितलं, की माझी सैन्यात निवड झाली, बेळगावला ट्रेनिंग आहे. मला आनंद झाला रे. का नाही होणार? कंपन्या एकेक बंद पडत होत्या, पोरं नाक्यावर बसलेली, आणि आपल्या पोराला पक्की नोकरी, अंगावर गणवेश. मी साखर आणायला उठले. तू काट्यातून मासा सोडवत होतास. सगळा सोडवलास, बाजूला ठेवलास, खाल्ला नाहीस. मग विचारलंस, “तिकडे काय फेकायला देतील, माहीत आहे ना?”

विजूसुद्धा माझ्याच हाताखाली वाढलेला. पटकन म्हणाला, “फेकायला तुम्हीच शिकवलंत ना बाबा?”

तू उठून हात धुतलास. साखरेची वाटी माझ्या हातात तशीच. त्यानंतर दोन वर्षं तू त्याच्याशी एक शब्द बोलला नाहीस. स्टेशनवर गेला नाहीस. तो सुटीवर यायचा तेव्हा एका खोलीत बसून तू मला सांगायचास, त्याला म्हणावं पंखा बंद कर. तो मला सांगायचा, आत्या, बाबांना विचार चहा घेणार का. मी मध्ये उभी. एकदा तर मी दोघांनाही सांगितलं, की मी काही तुमचं टेलिफोन एक्स्चेंज नाही, आणि कांबळ्यांकडे जाऊन बसले. तासाभराने आले तर दोघं तसेच बसलेले, आणि चहा कुणी केलेला नव्हता.

आपलं खरं भांडण त्या दोन वर्षांत झालं. मी तुला बोलले, तोंडाला येईल ते बोलले. तू सगळं आयुष्य लढाई लढाई खेळलास, बिल्डिंगने सहन केलं, मी शत्रू झाले, आईचा मसाला गेला. आणि पोराने तीच गोष्ट मनापासून घेतली तर तुझ्या पोटात दुखतं? देशाला माणसं नकोत का? की सगळ्यांनी करवंट्या फेकायच्या? तू एवढंच म्हणालास, “ताई, मी खेळलो ते खरं होऊ नये म्हणून गं.”

मला तेव्हा ते पळवाट वाटलं. मी म्हटलं, असं काही नसतं. तू म्हणालास, असेल. भांडण तिथेच राहिलं, कारण खाली पाणी आलं आणि मला बादल्या भरायला जावं लागलं. त्यानंतर तू काहीही नवीन केलं नाहीस. जाळं माळ्यावर टाकलंस. पोरं बोलवायला आली तर डोकं दुखतंय म्हणायचास.

मग विजूची तुकडी श्रीलंकेत गेली. तू संध्याकाळी कांबळ्यांकडे टीव्हीवरच्या बातम्या बघायला जायचास आणि बातम्या संपल्यावरही उठायचा नाहीस. मास्तर तुला काही विचारायचे नाहीत, नुसते शेजारी बसून राहायचे. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. घरी आलास की दारातूनच विचारायचास, “पत्र?” विजूचं नावसुद्धा घ्यायचा नाहीस. आलं असेल तर मी मोठ्याने वाचायचे, आणि तू भिंतीकडे तोंड करून ऐकायचास. त्यात काय असायचं? मी मजेत आहे, इथे नारळाची झाडं आपल्यासारखीच आहेत. एवढंच वाक्य तू मला दोनदा वाचायला लावलंस.

तुझ्या छातीत दुखायला लागलं तेव्हासुद्धा तू म्हणालास, त्याला कळवू नका. मास्तरांनी तुझं ऐकलं नाही, तार केली. बरं केलं. मुलुंडच्या हॉस्पिटलात चार वाजता भेटायची वेळ सुरू झाली, मी तुझ्या उशाशी बसून मोसंबी काढत होते, आणि दारात विजू उभा. काळा पडलेला, गालफडं बसलेली. मला ओळखायला क्षणभर लागला. तो येऊन तुझ्या पायाशी उभा राहिला. तू बघत होतास. मला वाटलं, आता तू म्हणणार, ताई, त्याला सांग बस. मी उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं, चांगलं झणझणीत.

तू थेट त्यालाच विचारलंस. दोन वर्षांनी पहिलं वाक्य. “कसा टाकतात रे तो?”

विजूला आधी कळलंच नाही. मग त्याने माझ्या हातातून मोसंबं घेतलं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. विजूने दाखवलं, असा धरायचा, ही पिन, असा हात मागे. कोपर वर घेतलं, अगदी तू शिकवलंस तसं. टाकल्यासारखं केलं आणि एकदम हॉस्पिटलच्या फरशीवर पालथा झाला, डोकं हातांत घालून. वॉर्डातले सगळे बघायला लागले. ते नाटक वाटत नव्हतं. अंगाला लागलेली सवय होती ती.

तो उठला तेव्हा तू विचारलंस, “लगेच पालथा पडतोस? कुठे पडला ते बघत नाहीस?”

“बघायचं नसतं बाबा. बघत राहिलं तर आपण जातो.”

“मग कुणाला लागला ते कळतं कसं?”

“नंतर जावं लागतं बघायला.”

सलाइनच्या नळीकडे बघत होतास. मग विचारलंस, तू गेलास? विजू म्हणाला, हो. तू विचारलंस, केवढा होता? विजू मोसंब्याकडे बघत म्हणाला, “माझ्याएवढा असेल. थोडा लहानच.”

दिनू, मला वाटलं तू त्याला बोलशील. ‘मी तुला सांगितलं होतं ना’, असं काहीतरी. म्हणायचा हक्क होता तुझा. तू त्याच्या हातातून मोसंबं घेतलंस, माझ्याकडे दिलंस आणि म्हणालास, सोल ताई, आधी त्याला दे. मग त्याला खाटेवर बसवून घेतलंस, आणि त्याचं मनगट धरून बसलास. भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली, नर्स दोनदा येऊन ओरडली, तरी सोडलं नाहीस. तो एकेक फोड खात होता. तू विचारलंस, गोड आहे का? तो म्हणाला, हो. मी मोसंबी सोलत राहिले, कारण दुसरं काही करायला घेतलं असतं तर रडले असते.

दुसऱ्या दिवशी विजू औषधं आणायला खाली गेला होता. तू डोळे मिटून पडला होतास. मला वाटलं झोपलास. तर एकदम म्हणालास, “ताई, त्याचं कोपर बघितलंस? माझ्यापेक्षा कितीतरी लांब जाईल त्याचा.” तुझ्या तोंडावर असं हसू होतं, की मला पुन्हा ती गॅलरी दिसली. मी म्हटलं, मग? मुलगा कुणाचा? तू ते ऐकलंस, आणि हसू तसंच ठेवून म्हणालास, “पण नको गं.” मी विचारलं, काय नको? तू नुसता हात हलवलास. त्यानंतर माझ्याशी बोललास ते पाणी दे, पंखा कमी कर, असलंच. आणि मग तेही थांबलं.

तर हे माझं अडलेलं. पहिलं अर्धं सांगितलं तर पोरगं आनंदाने परत जाईल. बाप खूश होऊन गेला, हे आयुष्यभर पुरेल त्याला. दुसरं अर्धं सांगितलं तर ते घेऊन त्याला तिकडे जावं लागेल, जिथे हात वर करताना असलं काही आठवलेलं चालत नाही. मी काय करू? तू असाच. अर्धवट टाकायचं आणि बाकीचं बहिणीने शिवायचं.

इथवर लिहून ठेवून दिलं होतं. आज विजू गेला.

सकाळी तो बॅग भरत होता आणि मी लाडू बांधून देत होते. त्याने आपणहून विचारलं, “आत्या, बाबा माझ्याबद्दल काही म्हणाले का गं शेवटी?” मी लाडवांच्या डब्याचं झाकण लावलं, आणि सांगितलं. आधी कोपराचं सांगितलं. तो हसला, तुझ्यासारखाच, एका बाजूने. मला वाटलं थांबावं इथे. इथवर पुष्कळ आहे. पण मग मी पुढचंही सांगितलं. ‘पण नको गं’ म्हणालास, आणि काय नको ते सांगितलं नाहीस, हेही सांगितलं. तो बॅगेशेजारी फरशीवर बसला आणि रडला. तू गेल्यापासून, अग्नी देतानासुद्धा रडला नव्हता. मी त्याला उठवलं नाही. माझे हात तुपाचे होते, तसेच त्याच्या डोक्यावरून फिरवले.

तोंड धुऊन आल्यावर मी त्याला स्पष्ट बोलले. म्हटलं, पळून ये असं मी म्हणत नाही. सही केलीस, तेवढी वर्षं कर, चोख कर, आणि स्वतःला सांभाळ. पण मुदत संपली की एक दिवससुद्धा वाढवून घेऊ नकोस. भांडुपमध्ये भाजी विक, मी शिवणाची कामं दुप्पट घेते, पण परत ये. तिथे हात वर करायची वेळ टाळता आली तर टाळ. कुणी भित्रा म्हणालं तर म्हणू दे, माझ्याकडे पाठव त्याला.

विजू बुटांच्या नाड्या बांधत होता. वर बघून म्हणाला, “आत्या, तू तर माझ्या बाजूची होतीस ना? बाबांच्या बाजूची कधीपासून झालीस?”

मी म्हटलं, “त्याची बाजू रिकामी पडली रे. तिथे कुणीतरी उभं राहायला नको?”

त्याने वाकून नमस्कार केला, बॅग उचलली आणि तो जिना उतरला. कांबळेमास्तर त्याला रिक्षापर्यंत सोडायला गेले. मी गॅलरीत उभी राहिले, रिक्षा वळेपर्यंत.

भांडण तू जिंकलास, दिनू. निदान ऐकायला तरी थांबायचं होतंस रे.